साचेखात्यावर राज्य कोणाचे?

१९२८ च्या जानेवारीत मुंबईतल्या सासून गटाच्या गिरण्यांमध्ये काम थांबले. साचेखात्यातला विणकर आजवर दोन साचे, म्हणजे माग, सांभाळत होता. आता त्याने तीन सांभाळावेत, असा मालकांचा बेत होता. कातणखात्यात रिंगच्या यंत्राची एकच बाजू पाहणाऱ्याने यापुढे दोन्ही बाजू पाहाव्यात, असेही ठरले होते. एप्रिलमध्ये वाद शहरभर पसरला आणि सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत गिरणीत पाऊल न टाकता बाहेर राहिले. जवळजवळ सहा महिने. संयुक्त संप समितीने १७ मागण्या मांडल्या. मजुरीतली कपात, कामाच्या नव्या पद्धती, गिरणीचे नियम असे बरेच काही त्यांत होते. पण या मागण्या एकत्र वाचल्या की त्यांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो. खात्यात काम कसे चालावे, हे ठरवायचे कोणी?

तीन साचे हा आकडा कागदावर निरुपद्रवी वाटतो. जपानमध्ये आणि अमेरिकेत एक माणूस याहून जास्त साचे पाहतो, असे मालकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. कामगारांचे उत्तर यंत्राच्या जवळून आलेले होते. साचा किती वेळा थांबणार, हे सूत किती वेळा तुटते यावर ठरते. सूत किती तुटणार, हे कापूस कसला आहे, त्यात स्वस्त कापसाची भेसळ किती आहे, खात्यातली हवा किती दमट आहे, साचा किती जुना आहे यावर. यातली एकही गोष्ट विणकराच्या हातात नाही. कापूस खरेदी करणारा वेगळा, त्याचे मिश्रण ठरवणारा वेगळा. तुटलेले सूत सांधायला मात्र विणकरानेच धावायचे, आणि कापडात दोष निघाला तर दंडही त्यालाच. विणकराची मजुरी उक्त्या कामावर असल्यामुळे थांबलेला साचा म्हणजे बुडालेले पैसे. शिवाय दोनांचे तीन साचे झाले की दर तीन विणकरांतला एक घरी बसणार, हा हिशेब करायला कोणालाही शाळेत जावे लागत नव्हते.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने १९११ साली वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. कामाची अक्कल कामगाराच्या डोक्यातून काढून व्यवस्थापकाच्या कागदावर आणावी, हे त्याच्या विचाराचे सार. मुंबईच्या गिरण्यांत मात्र ही अक्कल कागदावर कधी आलेलीच नव्हती. ती होती जॉबरकडे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवची त्यांची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पुढची सत्तरऐंशी वर्षे मुंबईतल्या गिरणीमालकाने आपल्या कामगारांशी थेट संबंध फारसा ठेवला नाही. वर मॅनेजर, त्याच्या हाताखाली कातणाचा आणि विणाईचा मास्तर. हे बहुधा पारशी किंवा लँकेशायरहून आलेले साहेब. त्यांच्या खाली जॉबर. माणूस कामावर घेणे, त्याला काम शिकवणे, साचा बिघडला तर तो दुरुस्त करणे, हजेरीवर डोळा ठेवणे, खाडे झाले की बदली उभा करणे, आणि मर्जी फिरली की त्याच माणसाला काढून टाकणे, हे सगळे जॉबर करी. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. नोकरी लावताना तो दस्तुरी घेई, कधी दर पगाराला घेई. वाण्याकडे उधारीला जामीन तोच, चाळीत खोली मिळवून देणारा तोच, अडीनडीला व्याजाने पैसे देणाराही पुष्कळदा तोच.

अशा माणसाला नुसता जुलमी म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि त्याचा जुलूम खराच होता. १९२९ साली जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरवर कडक टीका केली आणि माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवून दिले की, या सत्तेला खालूनही लगाम होता. जॉबरला माणसे मिळत ती गावकीतून, नात्यातून, चाळीतून. रत्नागिरी, सातारा भागांतून आलेले गडी गावाच्या नावाने एक खोली घेऊन राहत, खाणावळ चालवणाऱ्या बाईकडे जेवत, आणि कोणत्या गिरणीत कोणाच्या हाताखाली जावे याची चर्चा तिथेच होई. दस्तुरी फार ताणणाऱ्या जॉबरकडे चांगला साचेवाला टिकत नसे. चांगले साचेवाले गेले की खात्याचे उत्पादन पडे, आणि मग मास्तर जॉबरलाच जाब विचारी. संपाच्या दिवशी जॉबर कामगारांच्या पुढे तरी असे, नाहीतर त्यांच्या रोषाला तोंड देत असे. दोघांच्या मधे उभे राहून दोघांनाही सांभाळणे हेच त्याचे कौशल्य होते.

खात्याच्या आत आणखी एक व्यवस्था चाले, तिला कोणाची परवानगी नव्हती. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे गिरणीवाल्यांची मोठी तक्रार होती की, कामगार यंत्र सोडून आवारात हिंडतो, विडी ओढतो, पाणी प्यायला गेला की लवकर परतत नाही. तरीही कापड निघतच होते, कारण शेजारचा माणूस त्याचे यंत्र पाहत असे आणि परतल्यावर तो शेजाऱ्याचे पाहत असे. दिवसाला बारा-बारा, त्याहूनही अधिक तास काम चालण्याचा तो काळ. कोंदट, दमट, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत एवढा वेळ सलग उभे राहणे कोणाच्याही कुवतीबाहेरचे होते. मग कामगारांनी आपापसात विश्रांतीची पाळी लावून घेतली. मालकांच्या साक्षींत या गोष्टीचे नाव आळस आहे. खरे तर माणसाने आपले शरीर वाचवण्यासाठी केलेली ती अतिशय समंजस मांडणी होती. तीन साच्यांच्या योजनेने पहिला घाव घातला असता तो यावरच. तीन साचे सांभाळणारा माणूस शेजाऱ्याचे दोन कसे पाहणार?

बदलीची पद्धतही अशीच दुहेरी होती. भात लावणीला, शिमग्याला, गणपतीला कोकणात जायचे तर जागेवर दुसरा माणूस हवा. तो भाऊ असे, गाववाला असे, जॉबरच्या ओळखीचा असे. त्यामुळे नोकरीही टिकत होती आणि गावाशी नातेही. मात्र रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी आशेने उभ्या राहणाऱ्या बदलीवाल्यांचा घोळका मालकालाही सोयीचा होता आणि जॉबरलाही, कारण आतल्या माणसाला धाक घालायला तो पुरे पडत असे.

१९२८ च्या संपातून यापेक्षा वेगळे काहीतरी निघाले, आणि मुंबईच्या कामगार इतिहासातले ते सर्वांत उत्कंठावर्धक पान आहे. त्याची पूर्वतयारी आधीच झाली होती. १९२३ मध्ये गिरणी कामगार महामंडळ उभे राहिले होते. वकील किंवा समाजसेवक नेत्यांनी चालवलेली ही संघटना नव्हती. अर्जुन आत्माराम आळवे आणि गो. रा. कासले यांच्यासारखी गिरणीत काम केलेली माणसे ती चालवत. संपाच्या ऐन भरात, १९२८ च्या मे महिन्यात, डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबर आळवे-कासले गिरणी कामगार युनियनमध्ये आले आणि लाल बावट्याच्या या युनियनचे अध्यक्षपद आळव्यांकडे गेले. संप मिटल्यावर काही महिन्यांत युनियनची सभासदसंख्या ५० हजारांच्या वर गेली.

पण सभासदसंख्येहून महत्त्वाच्या होत्या गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीत कामगारांनी आपली समिती नेमली. तिची माणसे साच्यावर, रिंगवर रोज काम करणारी. वर्गणी तीच गोळा करी. दंड चुकीचा झाला, कोणाला अन्यायाने काढले, सूत खराब आले, तर समिती जॉबरला वळसा घालून थेट मॅनेजरसमोर जाऊन उभी राही. आणि कधी कधी युनियनच्या कचेरीलाही न विचारता खाते बंद पाडी. मॅनेजर या समित्यांवर चिडले होते. युनियनच्या नेत्यांनाही त्या आवरता आवरत नव्हत्या. ज्या कामगाराने आजवर जॉबरच्या तोंडून साहेबाशी बोलायचे, तो आता स्वतः बोलत होता. स्वतःच्या कामाचा कारभार स्वतः पाहण्याच्या इतके जवळ मुंबईचा गिरणी कामगार त्याआधी कधी आला नव्हता.

हे फार दिवस टिकले नाही. १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर यांच्यासह आळवे आणि कासले यांनाही अटक झाली. त्याच महिन्यात संपातल्या मागण्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीचा अहवाल आला. कामगारांचे कित्येक आक्षेप समितीने गंभीरपणे ऐकले, पण साचे वाढवण्याची योजना तिने तत्त्वतः गैर ठरवली नाही. एप्रिलअखेर पुन्हा सार्वत्रिक संप झाला. बिनीचे पुढारी तुरुंगात होते, आदल्या वर्षीच्या संपाने घरे रिकामी झालेली होती, आणि हा संप फसला. समित्यांतली माणसे हेरून कामावरून दूर करणे मग मालकांना सोपे गेले.

या समित्यांबद्दल मनात कितीही आस्था असली, तरी साचेखात्याची एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगाराला साचा मिळत नसे. कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घाली आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढी. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण हिंदू आणि मुसलमान विणकर महारांना शेजारी साच्यावर उभे राहू देत नसत. गिरणीचा तसा कोणताही छापील नियम नव्हता. हा निर्बंध कामगारांनी स्वतः घातला आणि स्वतः राखला. परिणाम पैशांत दिसत होता: विणकराची मजुरी गिरणीतल्या चांगल्या मजुऱ्यांपैकी एक, तर महार कामगार बहुतेक रिंगखात्यात, कमी पगारावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात नेमका हाच मुद्दा पुढे केला. साचेखाते दलितांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे धरला. ती घेतली गेली, पण मनापासून नाही. मालकांनी हात झटकले. हा अन्याय आमचा नव्हे, असे ते म्हणाले, आणि तेवढ्यापुरते ते खरेच होते. संपाला आंबेडकरांचा पाठिंबा का नव्हता, हे समजून घ्यायचे तर या धोट्यापासून सुरुवात करावी लागते. पुढे १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. पण साचेखात्याचा प्रश्न तोवर सुटला होता असे नाही. कामगारांनी आपला कारभार आपण करावा, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने मुंबईच्या साचेखात्याला आधी उत्तर द्यायला हवे. ‘आपण’ या शब्दात कोण मोजले जाते, हे तिथे साच्यावर उभी असलेली माणसेच ठरवत होती.

मालकांनी १९३० नंतर वेगळा मार्ग धरला. गिरण्यांत लेबर ऑफिसर आले. १९३५ मध्ये मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना सुरू केली: महिन्याच्या आरंभी ठरावीक माणसांना बदली कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर राहायचे, आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भरायच्या. फाटकाशी जॉबरने बोट दाखवून माणूस उचलायचा प्रकार यामुळे मोडावा, अशी कल्पना. जॉबरची दस्तुरी यामुळे पूर्णपणे थांबली नाही, पण त्याचे बळ घटू लागले. मात्र त्याच्या हातून निसटलेले अधिकार कामगारांकडे न जाता कचेरीकडे गेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला. मुंबईत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. खात्यातल्या माणसांनी निवडलेल्या समितीला या रचनेत जागाच नव्हती. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संपात पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा आणि बदली कामगारांना कायम करा, याही मागण्या होत्या. १९३५ च्या कार्डावरचा बदली जवळजवळ अर्ध्या शतकानंतरही बदलीच होता.

या संपाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी मुंबईपासून रेल्वेच्या एका रात्रीवर, अहमदाबादमध्ये, एका गिरणीने उलट्या बाजूने वाट चोखाळून पाहिली. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्सने लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले ए. के. राइस यांना बोलावले. टॅव्हिस्टॉकच्या मंडळींनी त्याआधी ब्रिटनच्या कोळसा खाणींचा अभ्यास केला होता. एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत काम केलेले केन बॅमफर्थ यांचा १९५१ चा निबंध सांगत होता की, नव्या यंत्रांनी खाणकामगारांच्या जुन्या लहान टोळ्या मोडल्या, प्रत्येकाला कामाचा एकच तुकडा दिला, आणि काम सुधारण्याऐवजी बिघडले.

कॅलिकोची अडचण याच जातीची होती. स्वयंचलित साचे बसवले होते, ते चालत होते, पण कापडात दोष फार निघत आणि उत्पादन अपेक्षेपर्यंत पोचत नव्हते. राइस यांनी खात्याची रचना पाहिली. २२४ साचे, २९ कामगार, १२ वेगवेगळी कामे. विणकर ८, साच्याच्या बॅटरीत कांड्या भरणारे ५; बाकीचे तुटलेले सूत सांधणारे, जॉबर, तेल घालणारे, झाडणारे. प्रत्येकाच्या वाट्याचे साचे इंजिनिअरांनी वेळ मोजून ठरवलेले, त्यामुळे हद्दी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणाऱ्याचे पाच अष्टमांश येत होते. बरेच साचे एकदम थांबले तर आधी कुठे धावायचे, हे कोणी कोणाला सांगायचे? प्रत्येकाचे काम मोजलेले होते. सगळ्यांच्या कामाचा मेळ घालणे मात्र कोणाच्याच कामात धरलेले नव्हते.

राइस यांची सूचना थोडक्यात अशी: साच्यांचा एक गट एका माणसांच्या गटाला द्या. ६४ साच्यांमागे सात माणसे, आणि आतली कामाची वाटणी त्यांची त्यांनी करायची. पुढे जे घडले त्याने राइस स्वतः चकित झाले. व्यवस्थापन योजना बारकाईने आखेल आणि मग ती अंमलात येईल, अशी अपेक्षा होती; पण कल्पना कानावर येताच खात्यातल्या सुपरवायझरांनी आणि कामगारांनी ती उचलली आणि गटांतली माणसेही आपापसात ठरवून टाकली. हे १९५३ चे साल. सुरुवातीचे काही दिवस आकडे स्थिर नव्हते. मग खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत आले. १९५८ मध्ये राइस यांचे पुस्तक निघाले आणि अहमदाबादचा प्रयोग जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत शिकवला जाऊ लागला.

मुंबईच्या गिरणी समित्या त्या वर्गांत शिकवल्या जात नाहीत, आणि दोन्हींतला फरक इथेच आहे. अहमदाबादच्या सात जणांना आपापसात काम वाटून घेण्याची मोकळीक मिळाली; साचे किती आणि माणसे किती, ही चौकट मात्र वरून आली. १९२८ चा कामगार त्या चौकटीबद्दलच बोलत होता. म्हणून अहमदाबादचा प्रयोग छोटा ठरत नाही. ज्या माणसांवर देखरेख ठेवल्याशिवाय काम होणार नाही असे शंभर वर्षे म्हटले जात होते, त्यांनी काही दिवसांत आपला मेळ आपण घालून दाखवला. मुंबईच्या साचेखात्यातला शेजारधर्म ज्याने पाहिला असता, त्याला यात आश्चर्य वाटले नसते.

राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये त्या गिरणीत पुन्हा गेले. स्वयंचलित साच्यांच्या एका खात्यात गटाची पद्धत सोळा-सतरा वर्षांनंतरही बरीचशी तशीच चालू होती. इतर ठिकाणी ती विरली होती. बाजार बदलला होता, कापडाचे प्रकार वाढले होते, वरून दबाव आला होता. आणि अडचण आली की सुपरवायझर गटाला हवे ते सूत, हवा तो सुटा भाग मिळवून देण्याऐवजी गटाच्या आत शिरून एकेका माणसाला हुकूम सोडू लागले होते.